रेडिओच्या बिल्ल्यातला अनोळखी मुलगा: फोटो ठेवावा की बदलावा?

खारीबिस्किट

नमस्कार मंडळी,

प्रश्न छोटा आहे, पण पार्श्वभूमी दिल्याशिवाय कळायचा नाही. तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

मी ओहायोत राहतो. इथे १९३० ते १९५० या काळात मुलांसाठी संध्याकाळी रेडिओवर मालिका लागायच्या, बहुतेक पंधरा-पंधरा मिनिटांच्या. 'लिटल ऑर्फन ॲनी', 'कॅप्टन मिडनाइट', 'टॉम मिक्स', 'जॅक आर्मस्ट्राँग' वगैरे. प्रत्येकीमागे एक खाऊवाला प्रायोजक. ॲनीमागे ओव्हल्टिन (दुधात घालायची माल्टची पूड), टॉम मिक्समागे राल्स्टन आणि जॅक आर्मस्ट्राँगमागे व्हीटीज (ही दोन्ही नाश्त्याची धान्यं). डब्याच्या झाकणाखालचं ॲल्युमिनियमचं सील किंवा खोक्याचा वरचा तुकडा कापून, कधी सोबत दहा सेंटचं नाणं घालून पोस्टाने पाठवायचं, की घरी बिल्ला, अंगठी, मग, शिट्टी असं काहीतरी यायचं. या वस्तूंना इथले संग्राहक 'प्रीमियम' म्हणतात.

सगळ्यात गाजले ते डीकोडर, म्हणजे रेडिओवरचा सांकेतिक निरोप सोडवायची चकती. ॲनीचे १९३५ पासून १९४० पर्यंत दरवर्षी एक नवा. १९४० मध्ये ओव्हल्टिनने ॲनीला सोडून कॅप्टन मिडनाइटला हाताशी धरलं आणि डीकोडरही तिकडे गेले. तिथे त्यांचं नाव झालं 'कोड-ओ-ग्राफ'. १९४१ पासून १९४९ पर्यंत एकूण सात. १९४३-४४ मध्ये नवा आला नाही, कारण धातू युद्धाकडे वळला होता.

मी अलीकडे घेतलाय तो १९४२ चा, 'फोटोमॅटिक'. पितळी बिल्ला, त्यावर अक्षरं-आकड्यांची फिरती चकती आणि फोटोसाठी चौकोनी जागा. कंपनी तिथे कॅप्टन मिडनाइटचा फोटो घालून पाठवायची आणि मुलांना सांगायची, हा काढा आणि तुमचा लावा, म्हणजे तुम्ही 'सीक्रेट स्क्वाड्रन'चे, कॅप्टनच्या गुप्त पथकाचे, ओळखपत्रधारी सदस्य झालात. माझ्या बिल्ल्यात एका मुलाचा फोटो आहे. आठ-नऊ वर्षांचा, केस पाणी लावून चापून बसवलेले. मागे नाव नाही, काही नाही.

गंमत अशी की बाजारात भाव आहे तो कॅप्टनचा मूळ फोटो शाबूत असलेल्या बिल्ल्याला. विक्रेत्यानेच मला कॅप्टनच्या फोटोची छापील नक्कल देऊ केली. 'हा लावा, बरं दिसेल' म्हणाला.

तर प्रश्न: त्या मुलाचा फोटो ठेवू की काढू? आणि उपप्रश्न, जो बायकोने विचारलाय: ज्या बालपणाशी आपला काडीचाही संबंध नाही त्याच्या वस्तू जमवण्यात काय हशील?

चिंचबोर

बायकोच्या प्रश्नाला उत्तर देऊ नये. अनुभवाचे बोल.

काडेपेटी

उत्तम विषय. मी पुण्यात काड्यापेट्यांची लेबलं जमवतो, त्यामुळे 'हे कशाला?' हा प्रश्न रोजचाच आहे.

तुमच्या मुख्य प्रश्नावर माझं मत ठाम आहे: काढू नका. संग्राहकांच्या दुनियेत 'मूळ' म्हणजे कारखान्यातून निघाली तशी वस्तू असं धरतात. नाण्यांना, तिकिटांना ते लागू पडतं. पण इथे कंपनीनेच सांगितलं होतं की फोटो बदला. ज्या पोराने सूचना तंतोतंत पाळली त्याचा बिल्ला कमअस्सल, आणि ज्याने आळस केला त्याचा अस्सल, हे मला पटत नाही. शिवाय नक्कल लावलीत की बिल्ला धड मूळही नाही आणि धड वापरलेलाही नाही.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: चमकवू नका! पितळ दिसलं की आपल्याकडे माणसाचा हात आपोआप चिंचेकडे जातो. चिंच, पितांबरी, लिंबू-मीठ, काही नको. वर चढलेला तो तपकिरी थर घासून काढलात तर अक्षरांच्या कडाही बोथट होतील. मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि ॲसिडविरहित कागदात ठेवा. प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, काही प्लास्टिकं कालांतराने घाम सोडतात आणि धातू हिरवा पडतो.

चिंचबोर

चिंचेविषयीच्या विधानाचा निषेध.

उलटतपासणी

सगळे हळवे झालेत, म्हणून थोडं उलट बोलतो.

या वस्तू म्हणजे शुद्ध जाहिरात होती. मुलांना नादाला लावायचं, त्यांनी आईच्या मागे भुणभुण करायची, आईने डबा आणायचा. डबा संपल्याशिवाय, निदान उघडल्याशिवाय, सील हाती लागत नाही. म्हणजे खप निश्चित. आज आपण मोबाइलवरच्या खेळांवर आणि त्यातल्या 'बक्षिसां'वर ओरडतो, आणि ८० वर्षांपूर्वीची तीच चाल पितळेची असली की 'काय तो काळ!' म्हणतो. खारीबिस्किट, जमवा खुशाल, पण त्याला 'निरागस' म्हणू नका.

खारीबिस्किट

@उलटतपासणी, निरागस हा शब्द मी वापरलेलाच नाही, वर बघा. :)

@काडेपेटी, प्लास्टिकचं ठाऊक नव्हतं. आभार.

वाटाड्या

@उलटतपासणी, तुमच्या बाजूने एक पुरावा देतो. या भेटवस्तूंचं एक मोठं काम होतं श्रोते मोजण्याचं. रेडिओ किती जण ऐकतात हे कळायला तेव्हा आजच्यासारखी साधनं नव्हती. वस्तू देऊ केली की पत्रं येतात, पत्रांवर पत्ते असतात, पत्त्यांवरून कार्यक्रम कुठवर पोचतो ते कळतं.

'लोन रेंजर' हा बुरखेवाल्या घोडेस्वाराचा कार्यक्रम डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड स्टेशनवर १९३३ च्या जानेवारीत सुरू झाला. त्याच वर्षी त्यांनी पत्र पाठवणाऱ्या पहिल्या ३०० मुलांना खेळण्यातली बंदूक देऊ केली. पत्रं आली २५ हजारांच्या आसपास. स्टेशनच्या मालकांना जे कळायचं होतं ते कळलं.

जाता जाता: 'ग्रीन हॉर्नेट' हा नायकही त्याच स्टेशनचा, आणि कथेत तो लोन रेंजरच्या पुतण्याचा मुलगा दाखवलाय. घराणेशाही सगळीकडेच.

उलटतपासणी

आभार. म्हणजे २४ हजारांवर पोरं हिरमुसली आणि स्टेशनला नकाशा मिळाला. हेच म्हणत होतो.

बोरूबहाद्दर

डीकोडरबद्दल दोन शब्द, कारण तो माझा प्रांत.

पद्धत सोपी. कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक आधी सांगणार की चकती कुठल्या खुणेवर लावा, मग एकेक आकडा वाचणार. पोरं पेन्सिल घेऊन तयारच. प्रत्येक आकड्यासमोरचं अक्षर लिहीत गेलं की निरोप तयार. सांकेतिक लेखनाच्या शास्त्रात ही अगदी पहिलीतली गोष्ट आहे: एका अक्षराला एकच आकडा. निरोप लांबलचक असला तर कुठला आकडा वारंवार येतो ते बघून डीकोडरशिवायही फुटेल. पण पोरांना ते कोण सांगणार?

एक गैरसमज फार पसरलाय. एका गाजलेल्या ख्रिसमसपटात पोरगा न्हाणीघरात कडी लावून निरोप सोडवतो आणि निघते ओव्हल्टिन पिण्याची आठवण. पोराचा चेहरा पडतो. विनोद झकास आहे. पण खऱ्या कार्यक्रमात निरोप बहुधा उद्याच्या भागाबद्दलचा इशारा असायचा. जाहिरात तर ते उघडपणे, निरोपाच्या आधी आणि नंतर करतच होते, लपवायची गरज काय?

आणखी एक: लोक सर्रास 'डीकोडर अंगठी' म्हणतात. ॲनी आणि कॅप्टन मिडनाइटचे रेडिओच्या काळातले डीकोडर बहुतेक बिल्ले होते, अंगठी एकही नव्हता. अंगठ्या वेगळ्या मिळायच्या, आणि त्या शिट्टी वाजवायच्या, अंधारात चमकायच्या, आरशातून मागचं दाखवायच्या. निरोप सोडवायच्या नाहीत. कुणी 'ॲनीची मूळ डीकोडर अंगठी' विकत असेल तर खिसा सांभाळा.

आता मराठीत करून बघू. क = १, ख = २, असं वर्णमालेच्या क्रमाने ळ = ३४ पर्यंत. ङ आणि ञ धरायचे. काना-मात्रा-वेलांटी गाळायची. सोडवा:

२३-२७-२०-२९-११

डबलडेकर

बरनवट. हे कुठलं गाव? कोकणातलं वाटतंय.

आडगावची आजी

बरणी वाट? बरणी वटवा? बोरूबहाद्दर, तुमचं शास्त्र मराठीला झेपत नाही.

गवतीचहा

बोर्नविटा!! :D शेवटी जाहिरातच निघाली की हो.

बोरूबहाद्दर

गवतीचहा यांना सीक्रेट स्क्वाड्रनचं सदस्यत्व बहाल करण्यात येत आहे. कृपया झाकणाखालचं सील पाठवावे.

शिळोप्याचा ओटा

बोर्नविटाचं नाव निघालंच आहे तर जरा आपल्याकडे येतो. नागपूरला वाढलो, घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. आमच्या आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम होते, छान होते. ताई-भाऊ मुलांची पत्रं वाचायचे, गाणी, नाट्यछटा. पण पोस्टाने बिल्ला आलाय असं कधी झालं नाही. कारण साधं आहे: आकाशवाणीवर जाहिरातीच नव्हत्या. प्रायोजकच नाही तर बिल्ल्याचा खर्च करणार कोण? विविधभारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, आणि त्याही आधी मुंबई, पुणे, नागपूर इथूनच. तोवर अमेरिकेतला हा सगळा प्रकार संपून गेला होता, पोरं टीव्हीकडे वळली होती.

जाहिराती ऐकायच्या तर रेडिओ सिलोन. तिथे आपली गर्दी का झाली, त्यातही एका मराठी माणसाचा हात आहे. डॉ. बा. वि. केसकर १९५२ ते ६२ नभोवाणी मंत्री होते. सिनेसंगीताचं त्यांना वावडं. त्यांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचं पान दिलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, पण सिनेमाची गाणी मागे सारली आणि श्रोते कोलंबोला गेले. १९५२ मध्येच तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली.

मुलांसाठी म्हणून जे आलं ते १९७२ साली: बोर्नविटा क्विझ कॉन्टेस्ट. आधी हमीद सायानी, १९७५ मध्ये ते गेल्यावर अमीन सायानी. आमच्या धाकट्या भावाला इंग्रजी अर्धंच कळायचं, पण दर रविवारी कान लावून बसायचा. ओव्हल्टिन-ॲनीला आपल्याकडचं समांतर म्हणायचं तर हेच. तेही माल्टचंच पेय, तोही रेडिओ, तीच पोरं. फरक इतकाच की तिकडे हेर व्हायचं होतं आणि इकडे हुशार.

उलटतपासणी

ओटाकाका, शेवटच्या वाक्याला साष्टांग. मराठी मध्यमवर्गाने गुप्तहेरगिरीतसुद्धा मार्कच शोधले असते.

डबलडेकर

बिनाकाच्या टूथपेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचे इवलेसे प्राणी यायचे, ते विसरलात का? हत्ती, जिराफ, पाणघोडा. गिरगावात आमच्या चाळीत त्यांचे सौदे व्हायचे. पाणघोड्याला दोन हत्ती असा दर होता. गीतमालेचा प्रीमियमच तो!

काडेपेटी

@डबलडेकर, प्राणी भारीच होते, पण प्रीमियम नव्हेत. ते पेस्टच्या खोक्यातच यायचे, गीतमाला ऐकली काय, न ऐकली काय. पत्र पाठवणं नाही, वाट बघणं नाही. खारीबिस्किट म्हणतायत त्या वस्तूंचा जीव वाट बघण्यात आहे.

डबलडेकर

वाट बघणं नाही? अहो, आठ जणांच्या घरातसुद्धा पेस्ट महिनाभर पुरवायचे. मी पेस्ट गुपचूप बेसिनमध्ये पिळली आहे.

वाटाड्या

@काडेपेटी, तुमची व्याख्या फार कडक आहे. अमेरिकेतही सगळं पोस्टाने यायचं नाही. 'सुपरमॅन' रेडिओवर होता तेव्हा केलॉग्जच्या 'पेप' या नाश्त्याच्या धान्याच्या खोक्यातच कॉमिक पात्रांचे टिनचे बिल्ले टाकायचे, १९४५ ते ४७ दरम्यान, एकूण ८६ वेगवेगळे. त्यांना सगळे संग्राहक रेडिओ प्रीमियममध्येच धरतात. तेव्हा पाणघोड्याला आत घ्या.

अवांतर: बिनाका सिबाची, म्हणजे स्विस कंपनीची. ओव्हल्टिनचा जन्मही स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा, १९०४ चा. घड्याळं-चॉकलेटं राहू द्या, पोरांचे हट्ट हीसुद्धा स्विस निर्यात दिसते.

काडेपेटी

पाणघोडा आत. हत्ती बाहेरच.

गवतीचहा

मी लेस्टरला असते. इथल्या जुन्या पिढीला ओव्हल्टिन म्हटलं की ॲनी नाही आठवत, 'ओव्हल्टिनीज' आठवतात.

ओटाकाकांनी सिलोनचं सांगितलं तसाच प्रकार इथे घडला होता. बीबीसी जाहिरात घेत नाही, आणि त्या काळात रविवारचे कार्यक्रम फार सोवळे. मग कंपन्या गेल्या समुद्रापलीकडे, रेडिओ लक्झेंबर्गला. तिथून इंग्लंडच्या दिशेने प्रक्षेपण. १९३५ च्या सुमारास 'लीग ऑफ ओव्हल्टिनीज' सुरू झाली. सदस्य झालात की बिल्ला, नियमांचं पुस्तक आणि गुप्त खुणा. नियम काय, तर आईवडिलांचं ऐका, अभ्यास करा, रोज ओव्हल्टिन प्या. १९३९ पर्यंत ५० लाख मुलं सदस्य झाल्याचं सांगतात. मग युद्ध सुरू झालं आणि लक्झेंबर्गचं प्रसारण बंद पडलं. इतक्या मुलांची संध्याकाळ एका सप्टेंबरात रिकामी झाली.

इथल्या कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीची डिकी उघडून भरवलेल्या जुन्या बाजारात, ते पितळी बिल्ले अजून मिळतात आणि स्वस्त असतात, कारण निघालेच अमाप. मी एक घेतला होता शेजारच्या आजींसाठी. त्यांनी तो हातात घेतला आणि पहिलं वाक्य काय, तर "माझा याहून चांगला होता."

आडगावची आजी

आम्ही आज्या अशाच असतो.

प्रा_घनचक्कर

उशिरा आलो. अजून कुणी 'ॲटॉमिक बॉम्ब रिंग'चं नाव कसं काढलं नाही? भौतिकशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, माझ्या मते या सगळ्यातली ही एकमेव गंभीर वस्तू आहे.

सन १९४७. हिरोशिमाला दीड-दोन वर्षंच झालेली. लोन रेंजरच्या कार्यक्रमातून 'किक्स' या नाश्त्याच्या धान्याच्या खोक्याचा तुकडा आणि १५ सेंट पाठवले की अंगठी यायची. वर छोटासा बॉम्ब, त्याला लाल शेपूट. शेपूट काढायचं, अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं बसून डोळे सरावू द्यायचे आणि भिंगातून आत बघायचं. आत ठिणग्या उडताना दिसायच्या. ही जादू नव्हे. आत पोलोनियम-२१० चा सूक्ष्म अंश आणि झिंक सल्फाइडचा पडदा. पोलोनियममधून सुटलेला प्रत्येक अल्फा कण पडद्यावर आपटला की एक ठिणगी. म्हणजे तुम्ही एकेका अणूचं विघटन डोळ्यांनी बघताय! हे उपकरण विल्यम क्रूक्सने १९०३ मध्ये शोधलं, त्याला स्पिन्थॅरिस्कोप म्हणतात. आम्हाला कॉलेजात ते एकदा, लांबून, दाखवलं होतं. अमेरिकेतल्या पोरांना नाश्त्याबरोबर मिळत होतं.

धोका? अल्फा कण कागदानेही अडतात, बंद अंगठीतून ते बाहेर येत नाहीत. गिळली असती तर गोष्ट वेगळी. आणि आज तर काहीच उरलेलं नाही. पोलोनियम-२१० चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १३८ दिवस. चार वर्षांच्या आत मूळच्या हजाराव्या हिश्शाइतकं उरतं. तेव्हा आता कुणी 'अजून चमकते' म्हणून विकत असेल तर तो ठग आहे किंवा आत दुसरंच काही घातलंय. दुसरी शक्यता अधिक काळजीची.

चिंचबोर

आमच्या वेळी खोक्यात फार तर उंदराच्या लेंड्या निघायच्या.

उलटतपासणी

प्राध्यापक, प्रतिसाद अप्रतिम. पण बॉम्बला खेळणं करून पोरांच्या बोटात घालणं, आणि तेही त्या बॉम्बने शहरं बेचिराख केल्यावर लगेच, यावर एक वाक्य तरी हवं होतं.

प्रा_घनचक्कर

मान्य. म्हणूनच 'गंभीर वस्तू' म्हटलं. संग्रहालयात ती असायलाच हवी, आणि पाटीवर दोन्ही गोष्टी हव्यात.

वरणफळ

न्यू जर्सीहून सलाम. मीही या नादातला.

सगळ्यात मराठी मनाला भिडणारा प्रीमियम सांगतो: जमीन. १९५५ मध्ये क्वेकर कंपनीने 'सार्जंट प्रेस्टन' या मालिकेच्या नावाने कॅनडातल्या युकॉनमध्ये, डॉसनजवळ, १९.११ एकर जागा घेतली आणि पफ्ड व्हीट-राइसच्या खोक्यांतून एकेका चौरस इंचाचं खरेदीखत वाटलं. २ कोटी १० लाख खतं! नक्षीदार कागद, सही-शिक्का, सगळं. पोरं वहीत जपून ठेवायची, की पुढे सोनं निघालं तर. १९६५ मध्ये ३७ डॉलर २० सेंट कर थकला म्हणून जमीन सरकारजमा झाली.

आडगावची आजी

सातबारा निघतो का त्याचा?

डबलडेकर

चौरस इंचात कुंपण कसं घालायचं?

शिळोप्याचा ओटा

आमच्या भाऊबंदकीत त्या एका इंचाचेही चार हिस्से झाले असते.

वरणफळ

=)) खतं आजही ढिगाने मिळतात, थोडक्या डॉलरांत. इतकी छापली की दुर्मीळ होणं शक्यच नाही.

नवशिक्यांसाठी सांगतो. जुनं आहे म्हणून महाग नसतं, टिकलं नाही म्हणून महाग असतं. पितळी डीकोडर टिकले, म्हणून सामान्य स्थितीतले परवडतात. कागद टिकत नाही. ज्या डीकोडरसोबत सूचनापुस्तिका आणि मूळ टपालाचं पाकीट आहे तो एकदम वरच्या रांगेत जातो, कारण पाकीट कोण ठेवतं? युद्धकाळात धातू नव्हता तेव्हा कागदी वस्तू निघाल्या, उदाहरणार्थ १९४४ ची जॅक आर्मस्ट्राँगची कागदी विमानं. ती कापून, चिकटवून, उडवूनच संपली. न कापलेला संच दिसला तर सोडू नका.

लिलावाच्या एका साइटवर माझी फसवणूक झालीय. 'मूळ' म्हणून घेतलेली टॉम मिक्सची अंगठी नवी निघाली, मुद्दाम काळी केलेली. तेव्हापासून कडा बघतो. खऱ्या अंगठीची झीज जिथे बोट घासतं तिथे असते, नकलीची सगळीकडे सारखी.

वाटाड्या

टॉम मिक्सची आणखी गंमत. हा खराखुरा सिनेनट, पण त्याच्या रेडिओ कार्यक्रमात आवाज त्याचा नव्हताच, दुसरे नट बोलायचे. १९४० मध्ये ॲरिझोनात मोटार अपघातात तो गेला आणि कार्यक्रम त्यानंतरही जवळपास दहा वर्षं चालला. अंगठ्याही येत राहिल्या.

चिंचबोर

म्हणजे माणूस गेला तरी खप गेला नाही. उलटतपासणी, या, तुमचाच घास आहे.

उलटतपासणी

मी काही बोललो की तुम्ही मला हळव्यांच्या गर्दीत एकटं पाडता. तरी बोलतो: प्रेक्षणीय आहे सगळं, पण...

चिंचबोर

३-२१-२३-३२

उलटतपासणी

संपादक मंडळाने कृपया दखल घ्यावी. सांकेतिक लिपीत वैयक्तिक शेरेबाजी सुरू आहे.

संपादक

सोडवून पाहिले. दोघांनाही समज देण्यात येत आहे. धाग्याच्या विषयाकडे वळावे.

आडगावची आजी

विषयाकडे वळते मग. खारीबिस्किट, तुमच्या बायकोचा प्रश्न अजून कुणी हातात घेतला नाही. मी घेते.

माझ्याकडे परकराच्या नाड्यांना लावायचे जुने चांदीचे गोंडे आहेत, बाजारातून घेतलेले, कुणाच्या घरचे ठाऊक नाही. मी ते 'माझी आठवण' म्हणून नाही ठेवले. कुणीतरी केले, कुणीतरी वापरले, आणि ते वितळवले जाऊ नयेत एवढंच. नात्यातल्याच वस्तू जपायच्या ठरवल्या तर ज्यांना नातलग उरले नाहीत त्यांच्या वस्तू भट्टीत जाणार. त्या पोराचा फोटो विक्रेत्याकडे आला, म्हणजे त्याच्या घरच्यांनी तरी ठेवला नाही. तुम्ही ठेवलात तर बिघडलं काय?

आणि उलटतपासणींना: कंपनीने फसवलं हे खरंच. पण पोराने केस चापून फोटो काढून घेतला, कापला, बसवला, ते कंपनीने नाही केलं.

उलटतपासणी

आजी, शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. गोंड्यांच्या परिच्छेदाशी नाही. जगातलं सगळं वाचवायला गेलो तर राहायला जागा उरणार नाही. निवडावं लागतंच, आणि निवडताना 'हे मला का हवंय' हे विचारणं रास्त आहे. वहिनींचा प्रश्न चांगला आहे.

काडेपेटी

निवडावं हे बरोबर. खारीबिस्किट, तुम्ही 'सगळे सात कोड-ओ-ग्राफ, सहाही ॲनीचे' या शर्यतीत पडू नका. ती पैशाने जिंकता येते, त्यात मजा नाही. तुम्हाला दिसतंय की फोटोमॅटिकमध्ये मुलाने काहीतरी स्वतःचं घातलं. मग तेवढंच शोधा: मुलांच्या हाताची खूण राहिलेल्या वस्तू. पुस्तिकेत पेन्सिलीने सोडवलेले निरोप, पाठीमागे खिळ्याने कोरलेली आद्याक्षरं. भाव पाडून मिळतील, कारण बाजार त्यांना 'खराब' म्हणतो.

वरणफळ

+१. सोडवलेल्या निरोपाच्या वह्या मी पाहिल्यात. विक्रेते 'आत लिहिलेलं आहे, क्षमस्व' असं वर्णन देतात.

बाल्टिमोरला या सगळ्या प्रकारांचं एक खासगी संग्रहालय होतं, २०१८ मध्ये बंद झालं आणि त्यातल्या हजारो वस्तू लायब्ररी ऑफ काँग्रेसला देण्यात आल्या. म्हणजे धडधाकट नमुने सरकारदरबारी जपले जातायत. लिहिलेले, वाकवलेले आपण सांभाळू.

खारीबिस्किट

सगळ्यांचे आभार. बिल्ला तसाच ठेवतोय. विक्रेत्याला नक्कल नको म्हणून कळवलं, तर त्याने किंमत जराशी कमी केली, हे अनपेक्षित. बायकोला आजींचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, गोंडे बघायला आवडतील, फोटो टाका.

काडेपेटींचा सल्ला उचलतोय: लिहिलेल्या पुस्तिका. एक शंका राहिली. १९४९ चा 'की-ओ-मॅटिक' एक जण देतोय, त्यावर मागे 'डी. आर.' अशी अक्षरं कोरलीत. पण त्याची किल्ली नाही. घ्यावा का?

वरणफळ

किल्ली इवलीशी आणि सुटी असायची, चकतीची जुळणी बदलायला. बहुतेकांची हरवलेलीच असते, त्यामुळे किल्लीशिवायचा भाव बराच खाली येतो. किल्ली असलेल्याच्या निम्म्यानेही मागत असेल तर घासाघीस करा. आणि घेण्याआधी चकती फिरते का ते विचारा, फोटोवरून कळत नाही.

बोरूबहाद्दर

फिरत असेल तर कुठल्या आकड्यासमोर कुठलं अक्षर येतं त्याचा तक्ता मला पाठवा. बाकी सहांचे माझ्याकडे आहेत, तेवढा राहिलाय.

खारीबिस्किट

विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो.